परिषदेचं वेळापत्रक: खोल्या तीन, इच्छुक फार



मागच्या वेळी टॅक्स रिटर्नवर लिहिलं होतं, त्यावर बऱ्याच जणांनी कळवलं की "आता काहीतरी बिनकागदपत्रांचं लिही." तर या वेळी तसा विषय घेतलाय. पण जर्मनीत राहून कागदपत्रं पूर्ण टळतील अशी अपेक्षा कुणी ठेवू नये, शेवटी येणारच आहेत. (ह.घ्या.)

आमच्या शहरात दर शरद ऋतूत सॉफ्टवेअरवाल्यांची दोन दिवसांची परिषद भरते. ती कुठल्या कंपनीची नाही, एका फेराइनची आहे. फेराइन म्हणजे आपल्याकडची नोंदणीकृत संस्था: अध्यक्ष, खजिनदार, वार्षिक सभा, इतिवृत्त, सगळं रीतसर. कोणालाही पगार नाही. यंदा मी तिच्या कार्यक्रम समितीत आहे. दोन दिवस, तीन खोल्या, त्यात कोण बोलणार, कुठे, किती वेळ, आणि कुठल्या खोलीत भाषणाऐवजी कार्यशाळा ठेवायची, हे ठरवणं एवढंच काम. ऐकायला सोपं वाटतं. मलाही गणपतीच्या सांस्कृतिक कार्यक्रमाइतकंच वाटलं होतं, आणि ते तसंच निघालं! ज्यांनी कुठल्याही महाराष्ट्र मंडळात गणपतीचा कार्यक्रम बसवलाय त्यांना वेगळं सांगायला नको. प्रत्येकाच्या मुलाला स्टेज हवं, आरती वेळेवर हवी, आणि जेवणाआधीचं नाटक कधीच वीस मिनिटांत संपत नाही.

पण यातला खरा प्रश्न वेळापत्रकाचा नसतो. कोण बोलणार हे कोण ठरवणार, हा असतो. आणि या प्रश्नाला जर्मनीत चांगला जुना इतिहास आहे.

आपल्या धंद्याचं बारसंच मुळी इथल्या एका परिषदेत झालं असं म्हणायला हरकत नाही. ऑक्टोबर १९६८ मध्ये, ७ ते ११ तारखेला, बव्हेरियातल्या गार्मिशला नाटोच्या विज्ञान समितीने एक परिषद भरवली. अध्यक्ष होते म्युनिकचे प्राध्यापक फ्रीडरिश बाउअर. अकरा देशांतले सुमारे पन्नास लोक आले होते, विद्यापीठातले आणि कंपन्यांतले मिळून. परिषदेचं नाव 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग'. हे दोन शब्द तेव्हा असे जोडीने फारसे रूढ नव्हते, मुद्दाम डिवचण्यासाठी निवडलेले होते. म्हणजे सूर असा की पूल बांधणारे इंजिनिअर असतात, मग प्रोग्रॅम बांधणारे का नाहीत? (त्याच वर्षी मुंबईत टीसीएस सुरू झाली. आपल्यापैकी किती जणांचं पहिलं ऑफर लेटर तिथून आलं असेल!)

मला त्यात रस वाटला तो आखणीचा. काम तीन भागांत वाटलं होतं: डिझाइन, निर्मिती, आणि वापरात आल्यानंतरची सेवा. पेटर नाउर आणि ब्रायन रँडेल यांनी संपादित केलेला अहवाल जानेवारी १९६९ मध्ये आला, तोही एकामागून एक निबंध असा नाही. कोण काय म्हणालं, त्याला दुसऱ्याने काय उत्तर दिलं, हे विषयवार लावून दिलंय. वाचताना खोलीत बसल्यासारखं वाटतं. सॉफ्टवेअरची किंमत हार्डवेअरपासून वेगळी लावावी का, यावरही तिथे चर्चा झाली. पुढच्याच वर्षी, जून १९६९ मध्ये, आयबीएमने तशी वेगळी किंमत लावायचं जाहीर केलं. चर्चेमुळे ते झालं असं मी म्हणत नाही. पण योग्य माणसं एका खोलीत बसली की उद्याचे प्रश्न आजच टेबलावर येतात, एवढं नक्की. त्याच मालिकेतली दुसरी परिषद १९६९ च्या ऑक्टोबरात रोमला झाली. तिथे मात्र सिद्धांतवाले आणि प्रत्यक्ष काम करणारे यांच्यात दरी दिसली, असं पुढे रँडेलनेच लिहिलंय. नाव तेच, अनेक माणसंही तीच, पण मेळ बसला नाही.

दुसरं उदाहरण झारलँडमधल्या वाडर्न गावातलं, श्लोस डागस्टूल. १९९० पासून तिथे संगणकशास्त्राचे आठवडाभराचे सेमिनार होतात. ब्लॅक फॉरेस्टमधल्या ओबरवोल्फाख इथे गणितज्ञांची जी जुनी संस्था आहे, तिच्या धर्तीवर. निमंत्रण असेल तरच प्रवेश. कार्यक्रम बराचसा मोकळा, तो आल्यावर ठरतो. आणि एक गंमत: जेवणाला कोण कुणाशेजारी बसणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं. म्हणजे नामवंत प्राध्यापकांशेजारी नवखा पीएचडीवाला आपोआप येतो. परिषदांमधलं निम्मं काम कॉफीच्या रांगेत होतं हे आपण सगळे म्हणतो. या लोकांनी ते नशिबावर सोडलं नाही. म्हणजे, सोडलं ते नशिबावरच, पण ठरवून!

तिसरं टोक म्हणजे केऑस कॉम्प्युटर क्लबचं काँग्रेस. १९८४ साली हॅम्बुर्गला सुरू झालं, नाताळ आणि नववर्षाच्या मधल्या दिवसांत भरतं. कार्यक्रमपत्रिकेला 'फारप्लान' म्हणतात, म्हणजे रेल्वेचं वेळापत्रक. स्वयंसेवकांना 'एंगल', म्हणजे देवदूत. मोठ्या हॉलमधली भाषणं समिती निवडते, पण त्याखेरीज कोणीही खोली आणि वेळ घेऊन आपलं सत्र लावू शकतं. आपल्या साहित्य संमेलनात मुख्य मंडपात निमंत्रितांचं कविसंमेलन असतं आणि बाजूला कवीकट्टा असतो, तसं. कवीकट्ट्याला नाकं मुरडणारे असतात, पण तो नसता तर मंडपाबाहेरचे कायम बाहेरच राहिले असते.

साहित्य संमेलनाचा विषय निघालाच आहे तर एक आठवण देतो. १८८५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी ग्रंथकारांच्या सभेचं निमंत्रण पाठवलं तेव्हा जोतीराव फुल्यांनी पत्र लिहून ते नाकारलं. सार असं, की ज्या मंडळींच्या सभांत आणि पुस्तकांत आमच्या लोकांच्या हक्कांचा विचारच नाही, त्यांच्यात मिसळून आम्हाला काय मिळणार? एकशेचाळीस वर्षं होत आली. परिषदेच्या दारावर "सर्वांचं स्वागत आहे" ही पाटी लावणं आणि आतली मांडणी सर्वांसाठी असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कुठल्याही कार्यक्रम समितीने त्या पत्रातून शिकावं.

आता आमच्या तीन खोल्यांकडे येतो.

एक मोठं सभागृह आणि टेबलं असलेल्या दोन लहान खोल्या. प्रत्येक दारावर किती माणसं मावतात याचा आकडा लावलेला आहे. तो आकडा म्हणजे सूचना नव्हे. ब्रांडशुट्झ, म्हणजे अग्निसुरक्षेचा नियम आहे. खोली भरली की दार बंद. "जरा सरकून घ्या हो" इथे चालत नाही. हाउसमाइस्टर येऊन उभा राहतो आणि त्याच्यापुढे आमचे अध्यक्षही गप्प बसतात.

पहिला वाद इथेच सुरू झाला. टेबलांच्या खोलीत तीन तासांची कार्यशाळा ठेवली तर वीस-बावीस जणांना लाभ. त्याच वेळात तिथे तीन भाषणं बसतात आणि टेबलं हलवली तर खुर्च्याही जास्त मावतात. समितीतले एक ज्येष्ठ सभासद, अत्यंत सज्जन माणूस, दर बैठकीत हा हिशोब मांडतात. हिशोब बरोबर आहे. पण भाषण आता घरी बसूनही ऐकता येतं, बहुतेक परिषदा रेकॉर्डिंग टाकतातच. कार्यशाळा घरी बसून होत नाही. तिथे तुमचा कोड चालत नाही, शेजारचा वाकून बघतो, आणि चूक कुठे आहे ते सापडतं. ते सापडण्यासाठीच माणसं रेल्वेचं तिकीट काढून येतात.

मात्र कार्यशाळा घ्यायची तर नीट घ्यावी लागते. ज्यांनी कधी घेतली नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहितो.

पहिला शत्रू म्हणजे इन्स्टॉलेशन. वीस लॅपटॉप, चार प्रकारच्या सिस्टिम, निम्म्यांवर कंपनीचं कुलूप. पहिला तास यातच जातो. म्हणून आम्ही यंदा नियम केलाय: काय बसवायचं ते आठवडाभर आधी मेलने, चालतंय की नाही हे तपासणारी एक छोटी चाचणीही सोबत, आणि तरीही लागेल ते सगळं पेनड्राइव्हवर. कारण वीस जणांनी एकाच वेळी डाउनलोड सुरू केला की वायफाय बसलंच म्हणून समजा. दुसरं, वीज. प्रत्येक टेबलाला एक्स्टेन्शन बोर्ड, आणि वायर जमिनीला चिकटवलेली. तिसरं, मदतनीस. शिकवणारा एकटा असेल तर एकाची अडचण सोडवेपर्यंत बाकीचे उन्नीस मेल वाचायला लागतात. आठ-दहा जणांमागे एक मदतनीस हवाच. चौथं, मधली सुट्टी. तीन तास सलग कोणी शिकत नाही, आणि जर्मनीत दुपारी साडेतीनला कॉफी-कुखेन मिळाला नाही तर क्रांती होते.

भाषणांची आखणी त्या मानाने सोपी, पण तिथेही खाचाखोचा आहेत. एकाच विषयाची दोन भाषणं एकाच वेळी नकोत. जेवणानंतर गणित नको. दोन भाषणांच्या मध्ये पंधरा मिनिटं मोकळी हवीत, म्हणजे माणसं खोली बदलू शकतात आणि वक्त्याला गाठून प्रश्नही विचारता येतो. आणि सर्वात लोकप्रिय वक्त्यासमोर दुसऱ्या खोलीत नवख्याला टाकू नका. रिकाम्या खुर्च्यांसमोर पहिलं भाषण दिलेला माणूस दुसऱ्यांदा अर्ज करत नाही.

आता निवडीबद्दल. आम्ही प्रस्ताव नावाशिवाय वाचतो. ही पद्धत काही आमचा शोध नाही. बर्लिनच्या जेएसकॉन्फ ईयूने २०१२ साली दोन गोष्टी केल्या. आधी स्त्रियांना आवर्जून सांगितलं की प्रस्ताव पाठवा, आणि मग निवड करताना नावं झाकली. त्या वर्षी तिथे वक्त्यांमध्ये पंचवीस टक्के स्त्रिया होत्या. क्रम लक्षात घ्या. नुसती नावं झाकून भागत नाही. ज्यांनी अर्जच केला नाही त्यांचं नाव काय झाकणार? आणि याच परिषदेत नोव्हेंबर २००९ मध्ये रायन डाल याने नोड.जेएस दाखवलं होतं, जेमतेम काही महिन्यांपूर्वी जगापुढे आलेलं. आज आपल्यातल्या कितीजणांची पोटं त्यावर भरतात! नाव बघून निवड करणाऱ्या परिषदेत अशा भाषणाला जागा मिळणं कठीणच.

या पद्धतीला एक जोडनियम आहे: प्रस्ताव कुणाचा हे ज्याला ओळखू येईल त्याने "मी बेफांगेन आहे" असं सांगायचं आणि मत द्यायचं नाही. बेफांगेन म्हणजे ज्याची निष्पक्षता शंकास्पद आहे असा. हा शब्द उच्चारताना इथे कुणाला लाज वाटत नाही. आपल्याकडच्या समित्यांनी हा शब्द आयात करावा असं फार वाटतं.

आणि यंदा मी बेफांगेन आहे.

झालं असं. गेल्या वर्षी आम्ही नाशिकच्या एका मुलीची कार्यशाळा निवडली होती. विषय: नावं बिघडवणारं सॉफ्टवेअर. "क्षि" हे अक्षर घ्या. आपल्याला एक दिसतं. पण युनिकोडमध्ये ते चार तुकडे आहेत: क, हलन्त, ष आणि वेलांटी. जावास्क्रिप्टला लांबी विचारली तर ती चार सांगते. यूटीएफ-८ मध्ये त्याचे बारा बाइट होतात. अक्षरं मोजणारी जुनी लायब्ररी दोन म्हणते, कारण जोडाक्षर एकसंध धरायचा नियम २०२३ मधल्या युनिकोड १५.१ मध्ये आला. आता फॉर्ममध्ये "नाव जास्तीत जास्त वीस अक्षरं" असं लिहिलं असेल तर कुठली वीस? जर्मनांनाही हे दुखणं नवं नाही. त्यांचं ß मोठ्या लिपीत लिहायला गेलं की दोन एस होतात. त्याचं मोठं रूप अधिकृत लेखननियमांत २०१७ साली आलं. ö हे अक्षर शब्दकोशाच्या क्रमात ओसारखं धरतात, नावांच्या याद्यांसाठी ओई असं धरतात, आणि या दोन्ही पद्धती एकाच जर्मन मानकात, डीआयएन ५००७ मध्ये आहेत. म्हणजे म्युलर आणि कुलकर्णी एकाच टेबलाशी बसून शिकतील असा विषय. खोली पहिल्या दिवशीच भरली होती.

ती आलीच नाही. व्हिसासाठी मिळालेली तारीख परिषदेनंतरची होती. ऐन वेळी त्या खोलीत तीन छोटी भाषणं बसवली आणि दारावर कागद चिकटवला: "रद्द". बावीस जणांनी येऊन तो कागद वाचला. तिने मात्र एका ओळीची मेल पाठवली: पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करते. केलाय. नाव झाकलेलं आहे, पण "क्षि" बघितल्यावर मला कळणार नाही असं कसं होईल? त्यामुळे तिच्या बाजूने मी अवाक्षर काढू शकत नाही.

नियमांबद्दल मात्र बोलू शकतो, आणि तेच केलं. हिशोब समितीपुढे ठेवला. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण तो पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो. त्याआधी अपॉइंटमेंट मिळण्याची वाट बघायची ती वेगळीच. परिषद ऑक्टोबरात आणि निवड ऑगस्टमध्ये, हे वेळापत्रक रेल्वेने येणाऱ्यांसाठी बनवलेलं आहे. पुण्याहून, नैरोबीहून येणाऱ्यांसाठी ते बंद दार आहे, फक्त त्यावर तसं लिहिलेलं नाही.

यावर रास्त आक्षेप आला: नावं झाकली तर व्हिसा कुणाला लागणार हे आम्हाला कळणार कसं? आणि कळलं तर निवडीवर परिणाम होणार नाही का, की "कशाला कटकट, जवळचा घ्या"? दोन बैठका यावर गेल्या. शेवटी तोडगा असा निघाला: व्हिसाचा रकाना अर्जात असेल, पण तो फक्त एका व्यक्तीला दिसेल, आणि तिला मत नसेल. सर्व कार्यशाळांची निवड एप्रिलअखेर, भाषणांची नंतर. म्हणजे कुणाला वेगळी वागणूक नाही, आणि कार्यशाळेची तयारीही लवकर सुरू होते. निमंत्रणपत्र निवडीनंतर आठवड्याच्या आत, त्यात तारखा, कामाचं स्वरूप आणि खर्च कोण करणार हे स्पष्ट. ज्येष्ठ सभासदांनी हात वर केला तेव्हा मी श्वास सोडला. कार्यशाळांच्या खोल्यांवर मात्र ते अजून ठाम आहेत: दोन नाही, एकच. म्हणजे कार्यशाळांना निम्म्याच जागा उरतात. येत्या गुरुवारी त्यावर आणि प्रस्तावांवरही मतदान आहे. प्रस्तावांच्या वेळी मी बाहेर जाऊन कॉफी पिणार आहे.

हे सगळं करताना एका माणसाची राहून राहून आठवण येते. अतुल चिटणीस. १९६२ साली बर्लिनला जन्म, बेळगावात इंजिनिअरिंग, आणि काम बंगळुरूला. नव्वदच्या दशकात पीसीक्वेस्ट मासिकाच्या सीडीवरून ज्यांनी पहिल्यांदा लिनक्स बसवलं त्यांना हे नाव सांगायला नको. २००१ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिनक्स बँगलोर ही परिषद सुरू केली, २००५ पासून तिचं नाव फॉस डॉट इन झालं, आणि २०१२ पर्यंत ती चालली. पुढे पुढे त्यांचा भर भाषणांकडून प्रत्यक्ष कामाकडे वळला. तशा सत्रांना ते 'वर्कआउट' म्हणत. ऐकायला येऊ नका, करायला या, असा रोख. यात नवखा माणूस बिचकून बाहेर राहण्याचा धोका असतो, हेही खरं. पण भारतीय इंजिनिअर नुसता वापरणारा न राहता घडवणारा व्हावा, हा हट्ट मला पटतो. २०१३ साली, अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षी ते गेले.

तो हट्ट आपल्यालाही लागू आहे, मंडळी. इथल्या परिषदांत श्रोत्यांमध्ये मराठी आडनावं भरपूर दिसतात. वक्त्यांच्या यादीत शोधावी लागतात. विचारलं की उत्तर ठरलेलं: "माझं जर्मन कच्चं आहे", "माझ्याकडे सांगण्यासारखं काय आहे?" पहिल्याचं उत्तर: अशा बऱ्याच परिषदांत इंग्रजी चालतं. दुसऱ्याचं उत्तर: गेल्या वर्षभरात तुम्हाला सर्वात जास्त छळणारा बग कुठला आणि तो कसा सापडला, एवढं लिहा. दहा ओळी पुरतात. ऐकणाऱ्याने जाताना काय सोबत न्यावं हे पहिल्या दोन ओळींत हवं.

जाता जाता, कागदपत्रं. जर्मनीतल्या बहुतेक राज्यांत नोकरदारांना वर्षाला साधारण पाच दिवस बिल्डुंग्सउर्लाउब, म्हणजे शिक्षणासाठी पगारी रजा मिळते. बव्हेरियात नाही, म्युनिककरांनी क्षमा करावी. कार्यक्रम त्या राज्यात मान्यताप्राप्त असावा लागतो आणि अर्ज काही आठवडे आधी द्यावा लागतो, तेव्हा आयोजकांना आधी विचारा. हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे, आणि आपल्यातले फार थोडे तो वापरतात.

गुरुवारी काय ठरलं ते पुढच्या वेळी कळवीन. भाषणांचे प्रस्ताव जूनअखेरपर्यंत घेतोय. पाठवा, फक्त पाठवल्याचं मला सांगू नका. नाहीतर मी तुमच्याही बाबतीत बेफांगेन होईन आणि एक मत फुकट जाईल.

कळावे, लोभ असावा.